प्रागमध्ये पैसे बहुतेकदा आपल्याच हातून जातात

प्राग हे रात्री अकरा वाजता एकटीनं चालत हॉटेलवर परतता येईल असं शहर आहे. मारहाण करून लुटण्याचे प्रकार पर्यटकांच्या वाट्याला क्वचितच येतात. पण खिसेकापू आहेत, आणि त्यांच्याहूनही जास्त पैसे जातात ते काउंटरवर, एटीएमपुढे नि जेवणाच्या टेबलावर, आपण स्वतः हो म्हटल्यामुळे. म्हणून मी आधी पैशांबद्दल लिहिते.

झेक प्रजासत्ताकात युरो नाही, कोरुना चालतो. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना हा बाजारभाव डोक्यात पक्का ठेवा. जुन्या शहरातल्या, चलन बदलून देणाऱ्या काही दुकानांवर ‘० टक्के कमिशन’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, कारण सगळी कमाई भावातच असते. फलकावरचा मोठा आकडा अनेकदा दुकानदार ज्या भावानं युरो विकतो तो असतो. आपल्याला हवा तो, म्हणजे तो ज्या भावानं विकत घेतो तो, बाजूला बारीक अक्षरात सापडतो. म्हणून नोटा पुढे करण्याआधी एकच प्रश्न विचारा: “१०० युरोचे नेमके किती कोरुना हातात देणार?” आकडा कागदावर लिहून घ्या. भाव १७ लागला तर शंभर युरोमागे सातशेच्या वर कोरुना गेले.

फसलातच तर एक वाट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. १ एप्रिल २०१९ पासून तिथल्या कायद्यानं ग्राहकाला १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क दिला आहे. पावती घेऊन त्याच दुकानात परत जायचं, कारण द्यावं लागत नाही. पावती फेकली तर हा हक्क वापरणं अवघड होतं.

रस्त्यावर “जास्त भाव देतो” म्हणत जवळ येणाऱ्या माणसाशी बोलूच नका. तो हातात दुसऱ्याच देशाच्या नोटा टेकवतो: हंगेरीचे फोरिंट, किंवा बेलारूसच्या चलनातून बाद झालेल्या जुन्या नोटा. नवख्याला फरक कळत नाही. १०० च्या झेक नोटेवर चौथा चार्ल्स आहे, म्हणजे ज्याच्या नावाचा पूल पाहायला आपण जातो तो राजा. ५०० वर लेखिका बोझेना न्येमत्सोवा, १,००० वर इतिहासकार पालात्स्की. ओळख असली की चूक होत नाही.

एटीएम बँकेच्या शाखेला लागून असलेलंच वापरा: चेस्का स्पोर्झितेल्ना, कोमेर्च्नी बांका, चेएसओबी. पैसे काढताना पडद्यावर ‘रुपयांत रूपांतर करू का’ असं विचारतात. रुपयांतला आकडा पाहून आपल्याला बरं वाटतं, पण त्या रूपांतराचा भाव महाग असतो. नाही म्हणा, व्यवहार कोरुनामध्येच ठेवा. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हेच.

विमानतळावर मेट्रो नाही. ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीन स्टेशनावर आणून सोडते, तिथून मेट्रोची ए लाइन शहराच्या मध्यात नेते. मेट्रोच्या दाराशी फाटक नसतं, त्यामुळे अनेकांना वाटतं की तिकीट कुणी पाहत नाही. जिन्याच्या तोंडाशी पिवळं यंत्र असतं, कागदी तिकीट त्यात एकदाच पंच करायचं. दुसऱ्यांदा पंच केलेलं तिकीट बाद धरतात. ट्राममधल्या यंत्रावर कार्डानं घेतलेलं तिकीट मात्र घेतल्या क्षणापासून चालू होतं, ते पंच करायचं नसतं. तपासनीस साध्या कपड्यांत असतात. त्यांना बिल्ला दाखवायला सांगा, दंड भरावा लागलाच तर पावती घ्या.

खिसेकापूंची आवडती ट्राम २२ क्रमांकाची, कारण ती किल्ल्यावर जाते. पायरीवर पुढचा माणूस अचानक थबकतो, मागचे रेटतात, आणि हातावर जाकीट टाकलेला कुणीतरी तेवढ्यात पाकीट काढतो. पाठीवरची सॅक चढण्याआधीच पोटावर घ्या. गर्दी फार असेल तर ती ट्राम सोडा, पुढची लवकरच येते. १४१० सालच्या खगोलीय घड्याळाखालीही तेच. तास पडायच्या आधी पाच मिनिटं सगळ्या माना वर असतात आणि सगळ्यांचे फोन हातात. मी तर म्हणेन, तास पडताना घड्याळात फिरणाऱ्या पुतळ्यांची फेरी गर्दीच्या मागे, भिंतीला पाठ लावून पाहा.

ट्रामबद्दल आणखी एक, आणि हे जिवाशी आहे. झेब्रा क्रॉसिंगवर मोटार थांबते, पण ट्रामला पादचाऱ्यासाठी थांबण्याचं बंधन नाही, आणि तिला चटकन थांबताही येत नाही. वाहतूक उजवीकडून चालते, म्हणून पहिली गाडी डावीकडून येते. आपली नजर सवयीनं उजवीकडे जाते. लहान मुलांचा हात धरूनच रूळ ओलांडा.

जुन्या शहराच्या चौकातल्या ठेल्यांवर हॅमचा भाव १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो, आणि ताटात येतं त्याच्या तिप्पट-चौपट. “एवढंच द्या” असं वजन सांगून तोलून घ्या. तिथले हालुश्की (बटाटा-पिठाचे उकडलेले छोटे गोळे) शाकाहारी वाटतात, पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, विचारून घ्या. उपाहारगृहात न मागता आलेली पावाची टोपली फुकट नसते, नको असेल तर लगेच परत पाठवा. टिप देण्याआधी ती बिलात आधीच धरली आहे का, ते पाहा.

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. मग ९१ ते ९९ क्रमांकाच्या रात्रीच्या ट्राम चालतात आणि लाझार्स्का थांब्यावर एकमेकींना भेटतात. मुख्य रेल्वे स्टेशनासमोरच्या बागेतून रात्री जाऊ नका, वळसा पडला तरी चालेल.

‘पोलीस आहोत, तुमच्या नोटा तपासायच्या आहेत’ असं कुणी म्हणालं तर पाकीट काढू नका. खरे पोलीस रस्त्यात पैसे तपासत नाहीत. “ठाण्यात चला” म्हणा किंवा १५८ लावा (११२ सुद्धा चालतो). पासपोर्ट मागण्याचा हक्क मात्र खऱ्या पोलिसांना आहे, म्हणून तो कपड्यांच्या आत, मनी बेल्टमध्ये ठेवा.

पासपोर्ट गेलाच तर मूस्तेक मेट्रोजवळ युंगमान चौकातल्या पोलीस ठाण्यात जा. ते चोवीस तास उघडं असतं आणि दुभाषा मिळतो. तक्रारीची प्रत घेऊन प्राग ७ मधल्या भारतीय दूतावासात जायचं. दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, पण त्यावर फक्त भारतात परतता येतं. पुढची व्हिएन्ना-बुडापेस्टची सहल त्यावर होत नाही. ती करायची तर दूतावासाकडे नव्या पासपोर्टची चौकशी करावी लागते, शिवाय व्हिसा जुन्या पासपोर्टासोबतच गेलेला असतो. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो निघण्याआधीच स्वतःला ईमेल करा, आणि स्वतःची पासपोर्ट आकाराची दोन-चार छायाचित्रं पासपोर्टापासून वेगळ्या बॅगेत ठेवा.