मुका मानकरी

मानचिन्ह म्हणून प्राणी निवडण्यात एक मोठी सोय असते: तो बोलत नाही. पुतळा उभारा, नाण्यावर छापा, त्याच्या नावानं एकमेकांची उणीदुणी काढा, तो खुलासा पाठवत नाही.

११ जुलै २०२२ रोजी नव्या संसद भवनाच्या माथ्यावरच्या राजमुद्रेचं अनावरण झालं. साडेनऊ हजार किलोचं कांस्य, उंची साडेसहा मीटर. विरोधकांना निमंत्रण नव्हतं म्हणून आधी रुसवेफुगवे झाले आणि मग गाडी दातांवर घसरली. सारनाथचे सिंह शांत, हे गुरगुरणारे, असा आक्षेप. त्यावर सरकारी उत्तर असं की मूळ शिल्प एक मीटर साठ सेंटिमीटरचं, हे त्याच्या चौपट, आणि फोटो खालून काढलाय. टीव्हीवर दोन जबडे शेजारी शेजारी. सुळे, ओठांची मुरड, मिशांच्या रेघा. मीही डोळे बारीक करून पाहत बसलो. नवे सिंह मला जरा चिडलेले वाटले खरे; पण अशोकाच्या सिंहांचीही तोंडं काही मिटलेली नाहीत. एरवी स्वतःच्या दाढेकडे न बघणारी माणसं त्या आठवड्यात सिंहांचे दंतवैद्य झाली होती.

हाडामांसाचा सिंह मात्र या चर्चेत फारसा आलाच नाही. १९७२ पर्यंत आपला राष्ट्रीय प्राणी तोच होता, मग तो मान वाघाकडे गेला. आशियाई सिंह मोकळा राहतो तो फक्त गुजरातमध्ये, गीर आणि आसपासच्या भागात. तिथं साथ आली तर सगळंच संपायचं, म्हणून काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं. मुदत दिली सहा महिन्यांची. सिंहांसाठी कुनोतली गावं त्याआधीच उठवली होती. पण गीरचा सिंह म्हणजे गुजरातचा अभिमान, आणि अभिमान कोणी पिंजऱ्यात घालून शेजाऱ्याकडे पाठवतं का? सिंह काही निघाले नाहीत. राजमुद्रेवरून वाद झाला त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला, पंतप्रधानांच्या वाढदिवशी त्या कुनोत पाहुणे उतरले. नामिबियाचे आठ चित्ते.

हत्तीची कथा जास्त मजेची. २०१० मध्ये तो ‘राष्ट्रीय वारसा प्राणी’ झाला आणि जानेवारी २०१२ मध्ये गुन्हेगारासारखं तोंड झाकून उभा राहिला. उत्तर प्रदेशात निवडणूक होती आणि हत्ती हे बसपचं चिन्ह. निवडणूक आयोगानं लखनौ-नोएडातले दगडी हत्ती झाकायला सांगितले. आता हत्ती झाकायचा म्हणजे काय करायचं? कापड गुंडाळलं तरी सोंड सोंडेच्या जागी, पाठ पाठीच्या जागी. उघडा असताना ज्याच्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नसतं, तो गुंडाळल्यावर दिवसभर बातम्यांत झळकला. पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशात काँग्रेसनं कमळांची तळी झाका म्हणून तक्रार केली. मतदारांच्या हातांचे पंजे कुठं लपवायचे, यावर त्या तक्रारीत काही सुचवलं होतं की नाही कोण जाणे.

पक्षांना नवीन प्राणी चिन्ह म्हणून आता मिळत नाहीत. प्रचारात खरेखुरे पशुपक्षी फिरवले जात, त्यांचे हाल होत, म्हणून आयोगानं ते बंद केलं. या सगळ्या प्रकारात प्राण्याचा विचार करून घेतलेला निर्णय मला तरी हाच दिसतो.

आपल्या महाराष्ट्रानं शेकरू, हरियाल, ताम्हणाचं फूल, ब्लू मॉरमॉन फुलपाखरू असे मानकरी नेमले. त्यांच्यावरून मोर्चे निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही. बहुतेकांना हरियाल दाखवला तर हिरवं कबूतर म्हणतील, आणि ते बरोबरच असेल. २०२३ मध्ये त्यात पापलेटची भर पडली. मागणी मच्छीमारांचीच, कारण जाळ्यात हाताच्या तळव्याएवढी पिल्लं यायला लागली होती. मला हा मानकरी सगळ्यांत आवडतो. त्याचा पुतळा नाही, त्याच्या चेहऱ्यावरून वाद नाही, त्याच्याबद्दल प्रश्न एकच आहे, आणि तो जाळ्याचा आस, म्हणजे त्याचं भोक, केवढा ठेवायचा हा.