दोन पायऱ्या, चौदा फूट

वारीच्या वाटेवर दिवे घाटात दादाची व्हीलचेअर मला ढकलावीच लागली नाही. पायथ्याशी पोचलो, तोच मागून कोणीतरी म्हणालं, "सरा ताई, माऊलीला आम्ही नेतो." पुढून दोन उपरणी बांधली, मागून चौघांनी हात लावले आणि 'ज्ञानोबा तुकाराम'च्या ठेक्यावर खुर्ची घाट चढली. वर झेंडेवाडीला आल्यावर ती माणसं आपापल्या दिंडीत गेलीसुद्धा. नावं विचारायची राहिली.

चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणातही लोकांनी त्याला पुढं घेतलं. अश्व धावत गेला आणि टापांखालची माती कोणीतरी दादाच्या हातावर ठेवली. ती त्यानं कपाळाला लावली. बांधकामावरून पडून पाय गेले, त्याला १२ वर्षं झाली. इतका हरखलेला दादा मी त्यानंतर पाहिला नव्हता.

त्याच दुपारी लक्षात आलं, हा पाणी पीत नाहीये. सकाळपासून दोन घोट. विचारलं तर आधी उडवाउडवी, मग म्हणाला, "प्यायलो तर जायचं कुठं?"

खरंच होतं. वाटेत लागलेल्या फिरत्या शौचालयांना लोखंडी पायऱ्या होत्या. वर चढलं तरी दार अरुंद, आत खुर्ची वळायला जागा नाही. मणक्याला इजा झालेल्या माणसानं उन्हात पाणी तोडलं, तर लघवीचा संसर्ग आणि ताप यायला वेळ लागत नाही. आम्ही ते घरी भोगलंय.

दिंडीतले एक काका मायेनं म्हणाले, "आम्ही उचलतो की!" दादा म्हणाला, "काका, घाटात उचला. संडासला माझं मला जाऊ द्या."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. वारीत हात कमी पडत नाहीत, पण दर वेळी हात मागायला लागणं हे ओझंच आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागा सुगम करायला सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचे किमान निकष बंधनकारक करा, असं केंद्राला बजावलं. वारीची तर तिथी ठरलेली, मुक्काम ठरलेले. प्रत्येक तळावर जमिनीलगतचं, रुंद दाराचं, आत धरायला दांडी असलेलं एक तरी शौचालय हवं. बायकांसाठी वेगळं.

पुढच्या एका मुक्कामी शाळेत उतरलो. व्हरांड्याला दोनच पायऱ्या, पण दादा खालीच अडला. मी टेप मागितली. उंची भरली १४ इंच. खुर्चीसाठीच्या उताराला उंचीच्या बारापट लांबी लागते, म्हणजे १४ फूट. टेपचं दुसरं टोक मुख्याध्यापकांनी स्वतः धरलं आणि अंगणात खडूनं रेघ मारली. रेघेच्या पुढंही जागा उरत होती.

या उतारासाठी ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज तिथंच वहीच्या कागदावर लिहिला. पहिली सही दादाची, मग दिंडीतल्या एकेकाची. लिहिता न येणाऱ्या दोन आजींनी अष्टगंधात बोट बुडवून अंगठे उठवले.