पत्र्याची पेटी, ६१ रोल: ३८ झाले

मंडळी, दिवाळीत आईनं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली, तेव्हापासून जुने निगेटिव्ह डिजिटल करायलोय, त्याचा आजवरचा हिशोब देतो. एकूण ६१ रोल निघाले, ३८ झाले. उरलेले बहुतेक रंगीत आहेत, ते मुद्दाम मागं ठेवलेत कारण त्यातला तो नारिंगी थर काढून रंग जागेवर आणायला माझा हात अजून बसलेला नाही.

सेटअप साधाच आहे. जुन्या एन्लार्जरचं (निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायचं यंत्र) डोकं काढलं, त्याच्या दांड्यावर निकॉन डी७००० खाली तोंड करून बसवला, ६० एमएमची मायक्रो लेन्स, खाली एलईडी पॅनल. छिद्र एफ/८, आयएसओ १००, रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, १४ बिट. कॅमेरा निगेटिव्हच्या पट्टीला अगदी समांतर पाहिजे, नाहीतर एक कोपरा शार्प आणि दुसरा मऊ येतो. त्यासाठी निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघायचं, लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की झालं. काम रात्रीच करतो, खोलीतले लाइट बंद, आणि बसण्याआधी फरशीवर पाणी शिंपडतो, कारण आपल्याकडं धुरळा किती असतो ते काय सांगायचं, एक कण बसला की नंतर अर्धा तास पुसत बसावं लागतं.

सुरुवात १९८६ ची. वडिलांचा आग्फा क्लिक थ्री, १२० चा रोल, १२ फोटो, बस्स. मग १९९० ला लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एका स्टुडिओवाल्या काकांकडून पेंटॅक्स के१००० सेकंडहँड घेतला. ह्या कॅमेऱ्यावर माझा अजूनही फार जीव आहे. सगळा मेकॅनिकल, सेल संपला तरी फोटो निघतो, सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या काट्यापुरता. त्या मीटरला बंद करायचं बटणच नाही, लेन्सला टोपण लावलं की झोपला. काकांनी पैसे घेतले आणि एवढंच बोलले, "टोपण विसरू नको बाळ, आणि उन्हात मीटर बघायची गरज नाही, १०० चा रोल असेल तर १२५ वर १६ लाव." मराठवाड्याच्या उन्हात हे सूत्र (शटर १/१२५ सेकंद, छिद्र एफ/१६) मला कधी फसलं नाही, वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणात दुपारी काढलेला रोल आत्ता स्कॅन केला, सगळ्या ३६ फ्रेम एकसारख्या घट्ट आल्यात. तिथली लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत त्यामुळं उजेड दुपारनंतरच आत शिरतो, सकाळी जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, आणि मंगळवारी बंद असतं.

रोल धुणं हे मात्र आमच्याकडं पाण्याचंच काम होतं. डी-७६ ह्या डेव्हलपरला २० डिग्री पाहिजे आणि एप्रिलमध्ये लातूरच्या टाकीतलं पाणी हाताला गरम लागायचं, मग घमेल्यात बर्फ, बर्फात डेव्हलपरची बाटली, त्यात थर्मामीटर, काटा २० वर आला की पळत जाऊन टँकमध्ये ओतायचं. हायपोनंतर (फोटो पक्का करणारं रसायन) अर्धा तास नळाखाली धुवा असं पुस्तकात असायचं, पण नळच आठवड्यानं यायचा तर अर्धा तास कुठून आणायचा. पुढं इलफोर्ड ह्या फिल्म कंपनीची पद्धत कळली, टँक भरून ५ वेळा उलटा करायचा, पाणी फेकायचं, परत भरून १० वेळा, परत भरून २० वेळा, झालं. एका रोलला जेमतेम लिटरभर पाणी. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडायचे म्हणून शेवटचं पाणी गाडीच्या बॅटरीत घालतात ते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तोवर मी डिजिटलवर जाऊन ११ वर्षं झाली होती, तरी स्टेशनवर वाघिणी बघताना मला ते घमेलंच आठवलं.

डिजिटलचं थोडक्यात सांगतो. २००५ ला निकॉन डी७०, ६ मेगापिक्सेल, लगेच फोटो दिसतो ह्याचंच अप्रूप, दिवसाला ३०० काढायचो. २००९ ला हार्ड डिस्क बसली, दुरुस्तीला दिली तर दुकानातून फॉरमॅट होऊनच परत आली. ४ वर्षांचे फोटो गेले, त्यात धाकट्या भावाचं लग्न. आता प्रत्येक फाइल ३ ठिकाणी असते आणि तुम्हीही ठेवाच. २०११ पासून डी७०००.

आता रोल नंबर २७, ज्यासाठी हे लिहायला बसलो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू, ब्लॅक अँड व्हाइट, सप्टेंबर १९९३. पहिल्या १७ फ्रेम आमच्या गल्लीतल्या गणपती मिरवणुकीच्या. गॅसबत्त्यांचा उजेड, एफ/२ आणि १/३०, निगेटिव्ह इतका पातळ की तेव्हा लॅबवाल्यानं प्रिंट काढून दिले ते नुसते काळे होते, मी ते फाडून टाकले होते. परवा रॉ फाइलमध्ये सावल्या हळूहळू वर ओढल्या तर १४ नंबरच्या फ्रेममध्ये हलगीवाल्यामागं उभी असलेली सगळी पोरं दिसायला लागली, एकाच्या कानामागं गुलाल, एकाच्या हातात खोबऱ्याचा तुकडा. ३० वर्षांहून जास्त काळ हे सगळं पेटीत होतं आणि मला माहीतच नव्हतं. मी आईला हाक मारून दाखवलं, तिनं दोघांची नावं सांगितली.

त्या मिरवणुकीच्याच रात्री, ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, भूकंप झाला. किल्लारी आमच्यापासून ४० एक किलोमीटर. दोन दिवसांनी गल्लीतल्या पोरांबरोबर भाकरी घेऊन टेम्पोनं गेलो, कॅमेरा गळ्यात होता. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा मातीचा भार, तो झोपलेल्या माणसांवर आला होता. मी ३ फ्रेम काढल्या आणि लेन्सला टोपण लावलं. रोलचा उरलेला भाग कोराच धुतला.

त्या १८, १९, २० नंबरच्या फ्रेम स्कॅन करून ठेवल्यात, तिन्ही डिस्कवर आहेत. पॉझिटिव्ह अजून केलेल्या नाहीत.