छातीचा पट्टा आणि इझी रन: आतापर्यंतची प्रगती

ज्यांना फक्त आकडे हवेत त्यांच्यासाठी आधी आकडे. हृदयाच्या मिनिटाला १४० ठोक्यांवर माझा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, पूर्वी ७:२५ मिनिटं होता, आता ६:५० आहे. तासाभराच्या इझी रनमध्ये, म्हणजे निवांत धावण्यात, उत्तरार्धात ठोके जेवढे चढायचे, त्याच्या निम्म्याहूनही कमी चढतात. वजन तेच, आठवड्याची किलोमीटरंही साधारण तेवढीच. फरक एवढाच की मनगटावरच्या घड्याळाच्या हिरव्या दिव्यावर विसंबणं सोडलं आणि चेस्ट स्ट्रॅप, म्हणजे ठोके मोजणारा छातीचा पट्टा, लावायला लागले. तेव्हापासून इझी रन खरोखर इझी होऊ लागले. पट्ट्याची खरी किंमत संथ दिवशी कळते, जोरकस दिवशी त्याचा उपयोग लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी, हे माझं आत्तापर्यंतचं मत.

मनगट आणि छाती यांत फरक का पडतो, ते थोडक्यात. घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडतं आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश किती बदलतो त्यावरून ठोक्यांचा अंदाज बांधतं. हात हलला, पट्टा सैल असला, थंडीने त्वचेखालचं रक्त आटलं की अंदाज चुकतो. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेतच पकडतो, म्हणजे ईसीजीतलं ते उंच टोक, आणि दोन टोकांमधलं अंतर मोजतो. माझ्या घड्याळाची खास खोड म्हणजे ते ठोक्यांऐवजी पावलं मोजायचं. माझी कॅडेन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, १६८ च्या आसपास असते. निवांत गप्पा मारत धावतानाही घड्याळ म्हणायचं १६८, आणि त्याच वेळी पट्टा म्हणायचा १३९. तुमचे ठोके आणि कॅडेन्स यांच्या रेषा आलेखावर एकमेकींना चिकटून चालल्या असतील, तर संशय घ्या.

कल्पना काही नवी नाही. फिनलंडची पोलार कंपनी १९७७ ची, आणि १९८२ मध्ये तिने मनगटावर आकडा दाखवणारं वायरलेस यंत्र बाजारात आणलं. तेव्हाचे पट्टे ५ किलोहर्ट्झवर बोलायचे. आजचे ब्लूटूथ आणि अँट प्लसवर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. पोहणाऱ्यांना हा फरक चांगलाच जाणवतो, कारण २.४ गिगाहर्ट्झ पाण्यातून जात नाही. त्यांनी स्वतःच्या मेमरीत नोंद ठेवणारा आणि बाहेर आल्यावर घड्याळाला सांगणारा पट्टा बघावा.

आता बांधण्याबद्दल. यात मी सगळ्यात जास्त डोकं घातलंय. पट्टा छातीच्या स्नायूंच्या खाली, पॉड (पट्ट्यावरची सेन्सरची डबी) मधोमध, अक्षरं सुलटी. खोल श्वास घेताना अडू नये आणि उड्या मारल्या तरी सरकू नये, एवढा घट्ट. स्पोर्ट्स ब्रा घालणाऱ्यांनी ब्राचं खालचं इलॅस्टिक बरोबर पट्ट्यावर येऊ देऊ नका. दोन इलॅस्टिकं एकावर एक आली की लाँग रननंतर आंघोळीचं पाणी अंगावर पडताच कुठे सोललंय ते कळतं. मी पट्टा इलॅस्टिकच्या बोटभर खाली ठेवते आणि कडांना आधीच व्हॅसलिन लावते. मात्र व्हॅसलिन इलेक्ट्रोडखाली, म्हणजे पट्ट्याच्या त्वचेला टेकून संकेत पकडणाऱ्या भागाखाली, जाऊ द्यायचं नाही, नाहीतर संकेतच अडतो.

पहिल्या काही मिनिटांत २१०, २२० असे आकडे दिसले तर घाबरू नका. कोरडी त्वचा संकेत नीट पोचू देत नाही, त्यात कोरड्या हवेत सिंथेटिक टीशर्ट फडफडला की स्थिर वीज तयार होते आणि पट्टा तिलाच ठोके समजतो. घाम फुटला की आपोआप शांत होतं. इलेक्ट्रोड पाण्याने सढळ हाताने भिजवले तर बहुतेकदा भागतं. हट्टी त्वचेसाठी ईसीजीची जेल. काही जण थुंकी लावतात, त्यांचं त्यांना लखलाभ. एवढं करूनही जमलं नाही तर पॉड थोडा डावीकडे सरकवून बघा, काहींना तिथे संकेत जास्त स्वच्छ मिळतो.

धावून आल्यावर पॉड काढायचाच. ओल्या पट्ट्यावर तो तसाच राहिला तर दोन्ही टोकं ओलाव्याने जोडलेली राहतात, त्याला वाटतं अजून कोणीतरी घातलाय, आणि बटण सेल फुकट संपतो. पट्टा साध्या पाण्यात खंगाळून सावलीत वाळवायचा. मीठ साचलं की आधी आकडे उड्या मारतात, मग पट्टाच कडक होतो. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको.

झोन, म्हणजे ठोक्यांवरून पाडलेले मेहनतीचे टप्पे. इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे आणि तो पट्टा सोडवत नाही. मी ४१ वर्षांची. २२० वजा वय केलं तर कमाल ठोके १७९. तानाका आणि सहकाऱ्यांचं २००१ चं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, तेही माझ्यासाठी १७९ च देतं. (दोन्ही सूत्रं चाळिशीला बरोबर १८० वर भेटतात, त्यामुळे त्या वयाच्या आसपास दोन्ही जुळली म्हणून आकडा खरा, असं समजायचं कारण नाही.) चढावर जीव तोडून धावताना पट्ट्यावर मला १८८ दिसले, आणि तो आलेख सलग चढलेला होता, एकाएकी उडालेला नव्हता. सूत्र सरासरी माणसाचं असतं. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सहज असतो.

बरं, कमाल सापडली तरी ‘७० टक्के’ म्हणजे किती? सूत्राच्या १७९ चे ७० टक्के म्हणजे १२५. कार्व्होनेनच्या पद्धतीने, म्हणजे १८८ मधून विश्रांतीचे ५४ वजा करून, राहिलेल्या १३४ चे ७० टक्के परत ५४ मध्ये मिळवले, तर १४८. एकच शब्द आणि २३ ठोक्यांचा फरक! १२५ वर मी धड धावूच शकत नाही, चालावं लागतं. ‘झोन टू मध्ये धावा’ असा सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, कुठल्या हिशेबाचा झोन टू. घड्याळ आणि ॲप यांचे हिशेब वेगळे असले तर एकच रन एकीकडे हिरवा आणि दुसरीकडे लाल दिसतो.

मी शेवटी थ्रेशोल्डवर, म्हणजे बराच वेळ टिकवता येणाऱ्या जोराच्या वरच्या मर्यादेवर, आले. सपाट रस्त्यावर एकटीने ३० मिनिटं, टिकवता येईल तेवढ्या जोराने, आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी. माझी आली १७०. प्रशिक्षक जो फ्रील यांच्या विभागणीत धावण्यासाठी झोन टू म्हणजे या सरासरीच्या ८५ ते ८९ टक्के, माझ्यासाठी १४५ ते १५१. मी १४५ हेच छत धरलंय, कारण तिथपर्यंत पूर्ण वाक्यात बोलता येतं. १५० ला वाक्यं तुटतात. आकडा आणि जीभ यांचं पटलं नाही तर मी जिभेचं ऐकते.

आता मुख्य नोंद. पट्टा आल्यापासून मी दर आठवड्याला एक रन तसाच ठेवलाय: तोच सपाट रस्ता, तीच सकाळची वेळ, एक तास, पेस ७:००. मग दोन अर्ध्या तासांच्या सरासरी ठोक्यांची तुलना. सुरुवातीला पहिला अर्धा तास १३८, दुसरा १४९. पेस तोच, ठोके ८ टक्क्यांनी जास्त. याला डीकपलिंग म्हणतात, आणि साधारण ५ टक्क्यांच्या आत असेल तर त्या अंतराला शरीर सरावलंय असं मानायची पद्धत आहे. सध्याचा हिशेब १३७ आणि १४२, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या थोडं वर. मला वेगापेक्षा या आकड्याचा आनंद जास्त आहे. वेग एखाद्या दिवशी उसना आणता येतो, हा येत नाही.

एक सावधगिरी. उकाड्यात हाच हिशेब फसतो. घामाने रक्तातलं पाणी घटतं, वर त्वचा थंड ठेवायला रक्त तिकडे वळवावं लागतं, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं आणि तेवढंच काम करायला हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. मध्यंतरी एका दमट आठवड्यात आकडा परत ७ वर गेला. मी वहीत ‘दमट’ एवढंच लिहिलं आणि पुढे गेले. अपुरी झोप, सर्दीची सुरुवात यांनीही असंच होतं, म्हणून तारखेशेजारी हवा आणि झोप लिहीत जा. नुसते ठोके लिहून काही महिन्यांनी त्यांचा अर्थ लागत नाही.

इंटरव्हलचं, म्हणजे मध्ये विश्रांती घेत जोरात धावायच्या तुकड्यांचं, थोडक्यात. ३० सेकंदांच्या स्प्रिंटमध्ये आकड्याकडे बघण्यात अर्थ नाही. हृदय मागाहून येतं, सर्वोच्च आकडा बऱ्याचदा तुम्ही थांबल्यावर दिसतो. तीन-चार मिनिटांच्या तुकड्यात शेवटचा मिनिट तेवढा काहीतरी सांगतो. तिथे मी पेसवर आणि दमावर धावते, पट्टा फक्त नोंद ठेवतो. शेवटच्या तुकड्यानंतर मात्र जागेवर उभी राहून एका मिनिटात ठोके किती उतरतात ते बघते. पूर्वी २४, आता ३३ च्या आसपास. दर वेळी उभंच राहायचं, कधी चालत कधी बसून असं केलं तर तुलना निरर्थक.

जिममध्ये पट्टा मनगटापेक्षा कितीतरी बरा, कारण बार घट्ट धरला की मनगटातलं रक्त आवळतं आणि घड्याळ गोंधळतं. पण जड डेडलिफ्टला चढलेले १५० आणि धावतानाचे १५० एक नव्हेत. श्वास रोखून जोर लावला की ऑक्सिजनची मागणी तेवढी नसतानाही ठोके उसळतात. त्यामुळे ॲप वजनांच्या दिवशी जे कॅलरींचे आकडे देतं ते मी वाचतच नाही.

बीटा ब्लॉकर (ठोके मंद करणारं औषध) घेणाऱ्यांना वरची सूत्रं लागू पडत नाहीत, त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून घ्यावी. आणि पट्टा ओला, सेल नवा, तरी आकडे वेडेवाकडे, सोबत गरगरणं किंवा छातीत दुखणं असेल, तर रन तिथेच थांबवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं.

पुढचं काम: थ्रेशोल्डची चाचणी पुन्हा, थंड सकाळी, आणि इझी रन तासावरून सव्वा तासावर. डीकपलिंग ५ च्या वर गेलं तर परत तासावर. सकाळी उठल्यावर आडवं पडून एचआरव्ही (ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार) बघायलाही सुरुवात केलीये, पण एखादा ठोका निसटला तरी त्या दिवसाचा आकडा पार बिघडतो, म्हणून आधी आठवड्याची सरासरी स्थिर होऊ दे, मग तक्ता टाकते. तुमच्यापैकी कोणी त्यासाठी छातीऐवजी दंडावरचा पट्टा वापरत असेल, तर दोन्ही एकाच सकाळी लावून फरक किती येतो ते नक्की कळवा.