५५० मीटर

रविवार, रात्री साडेदहा

डाव्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठलाय. माझं नुकसान एवढंच. आज उतरताना विमानाचं पुढचं चाक मोडलं आणि प्रोपेलरची दोन्ही पाती वाकली. पातं जमिनीला लागलं की इंजिनही उघडून तपासावं लागतं.

इंग्लंडात शेतकऱ्यांच्या रानात गवताच्या खासगी धावपट्ट्या पुष्कळ आहेत. आजची ५५० मीटरची. काल रात्री पाऊस झालेला. सकाळी मी गणित मांडलं होतं, ती वही आत्ता समोर आहे. माझ्या सेसना १५२ ला, म्हणजे या दोन आसनी विमानाला, ५० फुटांवरून उतरून थांबायला १२०० फूट, म्हणजे ३६६ मीटर लागतात. पण पक्क्या, कोरड्या धावपट्टीवर आणि वैमानिकानं सगळं बिनचूक केलं तर. ओल्या गवतासाठी १.३५ नं गुणलं, ४९४ आले. तिथं मी पेन ठेवलं. त्यावर सुरक्षेसाठी आणखी १.४३ नं गुणावं, असं इथलं नागरी विमान प्राधिकरण सांगतं. मला ते पाठ आहे. गुणलं असतं तर ७०६ आले असते आणि जाणं रद्द करावं लागलं असतं. मला जायचं होतं.

पुढं हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, दिसलं आणि भीतीनं वेग सोडवेना. ५४ नॉट (ताशी १०० किलोमीटर) हवा होता तिथं ६५ होता. वेग जेमतेम पाचव्या हिश्शानं जास्त, पण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. म्हणजे जवळजवळ दीडपट. विमान गवतावर तरंगत राहिलं, टेकेचना. निम्मी पट्टी मागं गेली तेव्हाच थ्रॉटल पुढं करून, इंजिनाला पूर्ण ताकद देऊन, पुन्हा उडायला हवं होतं. हात थ्रॉटलवरच होता. आता टेकेल, आता टेकेल, करत बसले. टेकल्यावर ब्रेक दाबले तर चाकं नुसती घसरत गेली, थेट हेजमध्ये.

शेतकरी म्हातारा धापा टाकत पळत आला. आधी इंधनाचा कॉक बंद केलास का, विचारलं. मग हात धरून उतरवलं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "ते गणित मला नीट समजावून सांग." सांगितलं. शेवटच्या गुणाकारापाशी तिनं थांबवलं, "हा का नाही केलास गं?"

अपघाताचा अहवाल लिहायला घेतलाय. आईला दिलं तेच उत्तर त्यातही लिहिणार आहे. उद्या पट्टीवरच्या चाकोऱ्या बुजवायला फावडं घेऊन जायचंय.