पाचचा गजर आणि दहाचे जेवण

गेल्या जूनमध्ये शाळेच्या नव्या वेळापत्रकात माझे नाव दुपार सत्रातून सकाळ सत्रात गेले आणि वीस वर्षे पावणेसातला उठणाऱ्या मला पाचला उठण्याची वेळ आली. आमची प्रार्थना सात वाजून दहा मिनिटांनी सुरू होते. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतून स्कूटीवर शाळेत पोचायला पंधरा मिनिटे पुरतात, परंतु त्याआधी मुलीचा डबा, सासूबाईंचा चहा, नळाचे पाणी आणि स्वतःची आंघोळ एवढे सगळे उरकायचे असते.

पहिल्या रात्री मी मोठा शहाणपणा केला. पाचला उठायचे तर नऊला झोपावे, असा सरळ हिशेब मांडून मी नऊला दिवा मालवला आणि पावणेबारापर्यंत छताकडे पाहत पडले. भिंतीपलीकडून मालिकेतले संवाद ऐकू येत होते, पण दोष मालिकेचा नव्हता. रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हा मेंदूच्या सर्वाधिक जागेपणाचा काळ असतो. दिवसभराचा थकवा असूनही शरीरातले घड्याळ त्या वेळी जाग टिकवून धरते. अकरा-साडेअकराला झोपणाऱ्या माणसाने नऊला अंथरुणावर पडणे म्हणजे बंद दारावर धडका मारत बसण्यासारखे आहे. मी विज्ञान शिकवते, तरी हे मला आधी सुचले नाही.

दुसऱ्या दिवसापासून युक्त्या सुरू झाल्या. भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे लावून पाहिले. अर्ध्या झोपेतही मन दहा मिनिटे वजा करायला विसरत नाही, हे तिसऱ्या दिवशी कळले. मग मोबाइल हाताशी नको म्हणून तो देवघराच्या फळीवर ठेवला, म्हणजे गजर बंद करायला उठून चार पावले चालावे लागेल. ही युक्ती चालली, पण साडेचारलाच उठून जप करत बसलेल्या सासूबाईंच्या कानाशी तो गजर कोकलला आणि त्या म्हणाल्या, "अगं, देवाजवळ कसला हा भोंगा लावलायस?" तेव्हापासून मोबाइल स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर असतो. तो तिथे गेल्याचा खरा फायदा सकाळी नव्हे, रात्री झाला, कारण अंथरुणावर पडल्यापडल्या स्टाफच्या ग्रुपवरचे निरोप वाचणे आपोआप बंद झाले.

आठवीच्या वर्गात मी लाजाळूची गोष्ट सांगते. १७२९ मध्ये दे मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवले, तरी त्याची पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. घड्याळ रोपाच्या आतच होते. आपल्यातही ते आहे, फक्त बहुतेकांचे ते चोवीस तासांहून किंचित लांब असते. म्हणूनच उशिरा झोपणे कोणालाही सहज जमते आणि लवकर झोपणे शिकावे लागते. या घड्याळाच्या जोडीला दुसरी एक यंत्रणा असते. आपण जितका वेळ जागे असतो तितके अडेनोसिन नावाचे द्रव्य मेंदूत साचत जाते आणि झोपेची ओढ वाढत जाते. या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या की मार्ग स्वच्छ दिसतो. झोपण्याची वेळ हुकमाने ठरवता येत नाही, उठण्याची ठरवता येते. उठण्याची वेळ घट्ट धरली की रात्रीची झोप चार-आठ दिवसांत तिच्या मागोमाग येते.

मी मग पावणेसातवरून एकदम पाचवर उडी न मारता पंधरा-वीस मिनिटांच्या पायऱ्या घ्यायला हव्या होत्या. त्यासाठी मे महिन्याच्या सुट्टीतच सुरुवात करायला हवी होती आणि तेव्हा तर आम्ही गच्चीवर रात्री बारापर्यंत आंबे खात बसलो होतो. त्यामुळे पहिला आठवडा झोपेच्या थकबाकीत गेला. त्यात आला रविवार. कोल्हापुरातल्या रविवारी मटण असते, तांबडा आणि पांढरा रस्सा असतो, आणि तो ओरपून झाल्यावर पंख्याखाली आडवे होण्याला कोणी झोप म्हणत नाही, तो धर्म आहे. मी दोनला आडवी झाले ती सव्वाचारला उठले. साचलेली झोपेची ओढ भर दुपारीच खर्च झाल्यामुळे रात्री एक वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सोमवारी मी आठवी 'अ'ची संपूर्ण हजेरी आठवी 'ब'च्या हजेरीपत्रकात भरली. पटावरच्या नावांपुढे एकेक 'उ' नीट गिरवून काढला होता. चूक ध्यानात आली ती 'ब'च्या वर्गशिक्षिका माझ्यासमोर येऊन हसू लागल्या तेव्हा.

आपल्याकडे वामकुक्षी हा शब्द आहे आणि तो फार नेमका आहे. जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडा वेळ पडावे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात दोन तासांच्या घोरण्याला जागा नाही. मी आता दीडला घरी आल्यावर जेवून वीस मिनिटांचा गजर लावते आणि तीनच्या आत उठलेली असते. वीस मिनिटांत माणूस गाढ झोपेच्या तळाला जात नाही, त्यामुळे उठल्यावर डोके जड होत नाही. रविवारीही हाच नियम, आणि सुट्टीच्या दिवशी उठण्याची वेळ फार तर तासभर पुढे. दोन दिवस उशिरा उठून तिसऱ्या दिवशी पहाटे उठणे म्हणजे दर आठवड्याला परदेशी जाऊन परत येण्यासारखे आहे. फरक एवढाच की विमानाचे तिकीट लागत नाही.

एवढे सगळे केले तरी गाडी साडेअकराच्या झोपेपाशी अडत होती. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, म्हणजे मला दहाला झोपायला हवे होते, आणि दहा ही आमच्या घरी जेवणाची वेळ होती. महाद्वार रोडवरचे आमचे चपलांचे छोटे दुकान साडेनऊला बंद होते. गल्ल्याचा हिशेब मिटवून, शटर ओढून यजमान घरी येईपर्यंत दहा वाजतात. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासाठी थांबत आले. गरम भाकरी तव्यावरून ताटात पडावी, दिवसभरातले चार शब्द व्हावेत, मग भांडी, ओटा, उद्याची भाजी. आणि पोटात रस्सा तसाच डचमळत असताना अंथरूण. आडवे झाल्यावर घशाशी येणारे आंबट पाणी मी कित्येक वर्षे तिखटाच्या नावावर खपवले होते. ते बव्हंशी वेळेचे होते. खाणे आणि आडवे होणे यांत दोन-तीन तासांचे अंतर राहिले, की तेच तिखट सोसते, हा माझा अनुभव आहे.

जेवण आठला करायचे, हे सांगायला मी आठ दिवस घेतले. ज्या घरात माणूस दिवसभर उभा राहून गिऱ्हाईक सांभाळून येतो, त्या घरात त्याला झाकलेले ताट दाखवणे सोपे नसते. "अहो, मी सासूबाईंबरोबर आठला जेवले तर चालेल का?" असे विचारल्यावर ते काही क्षण चपलेचा पट्टा सोडवत राहिले आणि म्हणाले, "मग मी काय एकट्यानंच जेवायचं?" या प्रश्नाला मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचे शरीराला सांगणारे संप्रेरक, हे उत्तर नाही. झोपेच्या सवयींवर लिहिणारे बहुतेक लोक एकट्या माणसाची खोली डोळ्यांसमोर ठेवून लिहितात, असे मला वाटते. आमच्या पेठांतल्या घरात झोप ही एकट्याची नसते, ती जेवणाच्या, टीव्हीच्या आणि परतणाऱ्या माणसाच्या वेळेला बांधलेली असते. तडजोड अशी निघाली की आम्ही तिघी आठला जेवतो, ते आले की मी पाव तास त्यांच्यासमोर नुसती बसते, आणि दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून आठला पंगत. सव्वादहाला मी उठते. काही गमावले नाही असे मी म्हणणार नाही; ताटाला ताट लावून बसण्यात जे होते ते समोर बसण्यात पूर्ण येत नाही. परंतु महिन्याभरात झोप साडेदहाच्या आत येऊ लागली. ज्या रात्री येत नाही, त्या रात्री वीसेक मिनिटांनी मी सरळ उठून बाहेर येते आणि मंद दिव्यात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालते. अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा, हे शरीराला शिकवायचे नाही.

चहाचे गणित त्या मानाने सोपे होते. चहातले कॅफिन अडेनोसिनची जागा अडवून बसते आणि त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, कोणाला कमी, कोणाला अधिक. सहाचा चहा रात्री अकराला अर्धा शिल्लक असतो. मी शेवटचा चहा तीनला घेते. पहिले चार दिवस कपाळ दुखले, नंतर थांबले.

उजेडाचे मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण या बाबतीत आपण कोल्हापूरकर थोडे दुर्दैवी आहोत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि कोल्हापूर ७४.२ अंशांच्या आसपास आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे तेहतीस मिनिटे मागे चालतो. घड्याळात पाच वाजतात तेव्हा रंकाळा तलावावर खऱ्या अर्थाने साडेचारच झालेले असतात. जूनमध्ये सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, जानेवारीत तो सातच्या पुढे सरकतो. शरीराचे घड्याळ अलीकडे ओढायला सकाळचा उजेड लागतो आणि हिवाळ्यात तर आम्ही सूर्य उगवायच्या आतच घराबाहेर पडतो. घरातला ट्यूबलाइट डोळ्यांना भरपूर वाटला तरी तो काहीशे लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आतला असतो, तर ढगाळ सकाळीही उघड्यावर काही हजार लक्स मिळतात. पावसाळी दिवशीसुद्धा बाहेर उभे राहणे म्हणूनच फुकट जात नाही. मी प्रार्थनेच्या वेळी पूर्वी व्हरांड्यात थांबत असे, आता मैदानात मुलींच्या रांगेशेजारी उभी राहते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या मिळून बारा-पंधरा मिनिटे होतात. जानेवारीत प्रतिज्ञा चालू असताना समोरच्या इमारतीमागचे आकाश तांबूस होत जाते आणि मागच्या रांगेतल्या जांभया त्याच सुमारास थांबतात. उलट बाजूने, रात्री नऊनंतर आम्ही बैठकीतला मोठा दिवा बंद करून कोपऱ्यातला पिवळा दिवा लावतो. रात्रीचा प्रखर उजेड मेलाटोनिन दाबून ठेवतो आणि मग झोप उशिरा उशिरा येऊ लागते.

त्या जांभयांविषयी मला पूर्वी राग येत असे. आता येत नाही. किशोरवयात शरीराचे घड्याळ निसर्गतःच तास-दोन तास पुढे सरकते; चौदा वर्षांच्या मुलीला दहाला झोप येत नाही यात तिचा आळस नसतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये, अशी शिफारस केली होती. आपल्या राज्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला, तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी, नऊच्या आधी शाळा नको म्हणून. लहानग्यांची झोप वाचली याचा आनंदच आहे, परंतु लहान मुले तशीही लवकर झोपतात आणि लवकर उठतात. ज्यांना सवलतीची अधिक गरज होती ती आठवी-नववीची मुले सातलाच वर्गात बसलेली आहेत. माझी मुलगी दहावीत आहे. तिला मी पाचला उठवून अभ्यासाला बसवत नाही, यावरून नातेवाइकांत थोडी चर्चा झाली आहे.

सासूबाईंचे म्हणणे असे की हे सगळे ब्रह्ममुहूर्त या एका शब्दात आले. मी एकदा गंमत म्हणून हिशेब केला. ब्रह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटे टिकतो. म्हणजे जूनमध्ये तो आपल्याकडे पहाटे साधारण साडेचारला सुरू होतो, तर जानेवारीत साडेपाचला. जुन्या लोकांची पहाट सूर्याबरोबर पुढेमागे होत होती, घड्याळाचा पाचचा ठोका वर्षभर एकच. सासूबाईंना हे पटले नाही. त्या बारा महिने साडेचारलाच उठतात. उतारवयात घड्याळ आपोआप अलीकडे येते, हे मी त्यांना सांगितलेले नाही.

गणपतीत सगळे विस्कटले. आमच्याकडे विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि पेठेत राहून त्या रात्री झोपायचे म्हणणाऱ्याला कोणी माणसात धरत नाही. मी जागले, सुट्टीच्या दिवशीही सहाला उठले, दुपारी वीस मिनिटेच पडले, आणि तिसऱ्या रात्री घडी पुन्हा बसली.

जानेवारीत मात्र मी हार पत्करून गजर पाच वीसवर नेला. थंडीतल्या त्या अंधारात पाचला उठणे जमत होते, पण पुढचा अर्धा तास मी कोणाशी नीट बोलत नव्हते. ती वीस मिनिटे भरून काढायला कणीक रात्रीच भिजवून ठेवते आणि भाजीची तयारी यजमानांकडे गेली आहे. मी झोपायला गेल्यावर ते टीव्हीचा आवाज बारीक करून मटार सोलत बसतात. सकाळी ओट्यावर दाण्यांचे पातेले नीट झाकलेले असते. साली मात्र ताटात तशाच पडलेल्या असतात, आणि त्यावर बोलायला सुट्टीच्या दिवशीचे आठचे जेवण आहेच.