आत्याचे टप्पे आणि माडीवरचा स्टुडिओ

आमची आत्या पंचाहत्तरीची. ग्वाल्हेर गायकीतले टप्पे, म्हणजे चपळ, दाणेदार तानांनी भरलेला गाण्याचा प्रकार, तिच्या गळ्यात अजून ताजे आहेत, ते नीट ध्वनिमुद्रित व्हावेत एवढ्यासाठी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या घरी माडीवर मी स्टुडिओ मांडला. लॅपटॉप, माइक लॅपटॉपला जोडणारा दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, कंडेन्सर माइक, बंद कपांचा हेडफोन आणि ध्वनिमुद्रणाचं रीपर सॉफ्टवेअर, बस्स.

पहिल्या दिवशी आवाजच येईना. कंडेन्सर माइकला 48 व्होल्ट लागतात, इंटरफेसवरचं ते बटण दाबायचं राहिलं होतं. ते लगेच सुटलं. खोलीने मात्र तीन आठवडे घेतले. दगडी फरशी, उघड्या भिंती. टाळी वाजवली की झणकार परत यायचा. मी माइकच्या मागे रजया टांगून बसलो, फरक शून्य. मग लक्षात आलं, कार्डिओइड माइक समोरचं ऐकतो, म्हणजे त्याच्यासमोर आत्या आणि आत्याच्या पाठीमागची भिंत! रजया तिच्यामागे आणल्या, खाली सतरंजी टाकली आणि आवाज एकदम जवळ आला. कोपऱ्यातलं लोखंडी कपाट तिच्या तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, झणझणायचं. तेही चौघांनी उचलून बाहेर काढलं.

पुढे 50 हर्ट्झची गुणगुण. चार्जर काढला की बंद, लावला की सुरू. सॉकेटला अर्थिंगच नव्हतं, ते करून घेतलं.

आणि मग आत्या गाता गाता थांबली. "अरे, माझ्यामागून कुणी गातंय का?" हेडफोनमध्ये तिचाच आवाज उशिरा पोचत होता. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी साठवून मग पुढे पाठवतो तो आवाजाचा तुकडा, 1024 सॅम्पलवर होता, 44.1 किलोहर्ट्झला तेवढ्यानेच 23 मिलिसेकंद जातात. ख्यालाच्या आलापीत चाललं असतं कदाचित, पण टप्प्याच्या तानेत दाण्यावर दाणा आपटतो. बफर 128 वर आणला, शिवाय डायरेक्ट मॉनिटरिंग सुरू केलं, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट कानात. तार सप्तकात आवाज फाटू नये म्हणून ध्वनिमुद्रण 24 बिटवर ठेवून त्याची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास राखली.

मे महिन्यात पंखा बंद ठेवून गायचं म्हणजे हालच. त्यामुळे भैरवीतले टप्पे पहाटे साडेचारला, काफी-खमाजचे रात्री रस्ता निजल्यावर. रागाची वेळ मोडून गायला आत्या तयार नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

पहिला टप्पा तिने डोळे मिटून ऐकला. म्हणाली, "दुसरी तान घाईत गेली. उद्या परत लाव."

आतापर्यंत नऊ झाले. फाइली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवल्या आहेत.